आत कोंडलेली हवा: टायर आणि एअर सस्पेन्शन सोप्या भाषेत

आमच्याकडं करवीर तालुक्यात रबरी चाकाच्या बैलगाडीला जुनी माणसं अजून डनलप म्हणतात. "डनलप जुप रं" म्हटलं की कुठली गाडी ते बारक्या पोरांनापण कळायचं. पण डनलप हे एका जनावरांच्या डॉक्टरचं आडनाव आहे हे मला डिप्लोमाला गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून टायर हा विषय डोक्यात बसला तो बसलाच. आता शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, ट्रकच्या सस्पेन्शनची, म्हणजे चाक आणि बॉडीच्या मधल्या स्प्रिंगांच्या जोडणीची, कास्टिंग (ओतीव भाग) रोज हाताखालून जातात, हायवेपण शेजारीच, त्यामुळं जाता येता नजर चाकाकडंच जाते. लोक इंजिन, मायलेज, टचस्क्रीन यावर तासभर बोलतात पण गाडी ज्याच्यावर उभी असते त्या हवेबद्दल कोण बोलत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. लांबलंय जरा, सावकाश वाचा.

आजोबांची गाडी लाकडी चाकाची होती, वर लोखंडी धाव. धाव तापवली की मोठी होते, तशीच गरम चाकावर चढवायची आणि पाणी मारायचं, मग ती आवळते आणि सगळे आरे जागच्या जागी घट्ट बसतात. चाक एकदम मजबूत. पण लोखंड दबत नाही, मग दबणार कोण, तर रस्ता. अरुंद धावेखाली माती दबून दबून दोन चर पडायचे, चाकोरी शब्द तिथलाच. पावसाळ्यात तर चाक आपणच केलेल्या खड्ड्यात बसायचं आणि बैलांना सगळा वेळ त्या खड्ड्यातून वर चढल्यासारखं ओढावं लागायचं. वाटेत दगड आला तर अख्खी गाडी मालासकट त्या दगडाच्या उंचीएवढी वर उचलायची, आणि पलीकडं आदळायची. रबरी चाक आल्यावर काय बदललं, तर दगड टायरच्या आत बुडतो. टायर तेवढ्यापुरता दबतो, दगड गिळतो आणि पुढं गेल्यावर परत गोल होतो, गाडी उचलावीच लागत नाही. टायर म्हणजे गाडीला बसायला दिलेली उशी असं आपण समजतो पण खरा फायदा ओढणाऱ्याला आहे, मग तो बैल असू दे नाहीतर डिझेल.

हा शोध लावायचा पहिला मान मात्र डनलपचा नाही. १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या २३ वर्षांच्या स्कॉटिश पोरानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, ते पण घोडागाडीसाठी. आत रबर लावलेल्या कॅनव्हासची हवा भरलेली नळी आणि वरून चामड्याचं कव्हर. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये गाडी चालवूनपण दाखवली. पण तेव्हा मोटार नव्हती, आजच्यासारखी सायकल नव्हती, पातळ चांगलं रबर महाग होतं, त्यामुळं एवढी भारी गोष्ट ४० वर्षं लोक विसरून गेले. मग १८८७ ला बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकी सायकलला हवेचं रबर बसवलं आणि १८८८ ला पेटंट घेतलं. पुढं थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलपचं रद्द झालं, पण तोवर सायकलच्या शर्यतीत हवेच्या टायरवाला जिंकतो हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं. १९३६ ला डनलप कंपनीचा बंगालमध्ये साहागंजला कारखाना आला आणि ते नाव फिरत फिरत आमच्या गोठ्यापर्यंत पोचलं. थॉमसनचं नाव कुणाच्याच गोठ्यात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

या दोघांच्याही आधी अजून एक माणूस आहे, त्याच्याशिवाय हे काहीच झालं नसतं. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं, त्याचा टायर करून उपयोग नाही. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला सापडलं की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते दोन्हीकडं टिकतं. रबराचे रेणू म्हणजे लांब लांब दोऱ्यांचा गुंता, एकमेकांवरून घसरणारा, आणि गंधक त्या दोऱ्यांना मधे मधे टाके घालतं, वाकळंला घालतात तसे. ताणलं तरी परत जागेवर येतं. हा माणूस १८६० ला वारला तो कर्जात बुडालेलाच, आणि त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ ला दुसऱ्याच माणसानं काढली. टायर काळा का असतो हेपण सांगून टाकतो, रबराचा मूळ रंग पांढरट, त्यात काजळीसारखी बारीक कार्बन पावडर घालतात, रंगासाठी नाही तर झीज कमी व्हावी म्हणून. पहिले टायर पांढरटच होते.

आता मुख्य गोष्ट. एक टनाची छोटी कार धरा. चार चाकं, एका चाकावर २५० किलो. टायरमध्ये हवा ३३ पीएसआय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण २.३ किलो. २५० ला २.३ नं भागा, १०८ आणि काहीतरी येतं. म्हणजे टायर जमिनीवर दबून दबून साधारण ११० चौरस सेंटिमीटर सपाट होतो आणि तिथं थांबतो, कारण तेवढ्या जागेवर हवेचा जोर आणि गाडीचं वजन बरोबरीत येतं. ११० चौरस सेंटिमीटर म्हणजे आपल्या तळहाताहून जरा मोठी जागा. ब्रेक, वळण, पाऊस, सगळं त्या चार तळहातांवर. साइडवॉलचं, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचं, रबर स्वतःच्या ताठपणानं थोडं वजन धरतं, पण थोडंच. खात्री करायची असेल तर पंक्चर झालेल्या कारचं चाक बघा, रबर तेच, तारा त्याच, फक्त हवा गेली आणि रिम जमिनीला टेकली.

इथं एक प्रश्न मला कित्येक दिवस सतावत होता. हवा तर सगळीकडं सारखीच ढकलते, रिमला खालून जेवढी ढकलते तेवढीच वरूनपण, मग उचलते कशी? याचं उत्तर कळलं तेव्हा मी खरंच खुर्चीत सरळ बसलो. मधे एक लोखंडी कडं आहे असं समजा आणि त्याला चारी बाजूंनी दोऱ्या बांधून गोल उभी राहिलेली पोरं सारख्या जोरानं ओढतायत. कडं मधोमध अधांतरी. आता खालच्या बाजूच्या दोन पोरांनी दोरी जरा सैल सोडली, तर कडं वर जाणार, बरोबर? टायर असाच आहे. हवा आतून फुगवते म्हणून टायरच्या आतले धागे ताणले जातात आणि रिमच्या कडेला सगळ्या बाजूंनी बाहेर ओढतात. जिथं टायर जमिनीवर दबतो तिथं साइडवॉल बाहेर फुगतो आणि त्या जागच्या धाग्यांची ओढ कमी पडते, वरच्यांची ओढ तशीच राहते. म्हणजे गाडी खालच्या रबरावर बसलेली नसते, ती टायरच्या वरच्या भागाला टांगलेली असते, पाळण्यासारखी. सायकलच्या बारीक तारांच्या चाकात जे होतं तेच, फक्त इथं तारांच्या जागी धागे आणि त्यांना ताणणारी हवा.

म्हणून टायरमधे रबरापेक्षा धागे महत्त्वाचे. आमच्या हायवेच्या कडेला एका पंक्चरवाल्या मामांकडं अर्धा कापलेला ट्रकचा टायर पडलेला असतो, कधी गेलात तर असा कापलेला टायर नीट बघा. रिमला धरणारी जी जाड कडा असते ना, तिच्यात पोलादी तारांचं वेटोळं दिसतं, त्याला बीड म्हणतात, हवा कितीपण जोर करू दे ते कडं ताणत नाही म्हणून टायर रिमवरून निसटत नाही. या कड्यापासून निघून त्या कड्यापर्यंत धाग्यांचे थर जातात. आणि वर रस्त्याला टेकणारी नक्षी, तिच्याखाली पट्टे.

जुन्या टायरमधे, ज्याला आपल्याकडं सरसकट नायलॉन म्हणतात, हे धागे तिरके जातात आणि पुढचा थर उलट्या बाजूनं तिरका, एकावर एक फुली मारल्यासारखे. मजबूत असतं. पण चाक फिरताना टायर दबला सुटला की हे थर एकमेकांवर कात्रीसारखे हलतात, घासतात आणि गरम होतात. फ्रान्समधे मिशेलिननं १९४६ ला पेटंट घेऊन १९४९ ला बाजारात आणलेल्या रेडियल टायरमधे धागे सरळ आडवे केले, या बीडपासून त्या बीडपर्यंत सगळ्यात जवळच्या वाटेनं, आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा गुंडाळला. झालं काय, तर साइडवॉल मोकळा झाला, पाहिजे तेवढा वाकू दे, आणि नक्षी पट्ट्यामुळं ताठ राहिली, जमिनीवर सपाट बसायला लागली. घासणं कमी, उष्णता कमी, डिझेल कमी, टायर जास्त चालतो. टायरच्या अख्ख्या इतिहासात मला ही सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते, कारण नवीन माल काही शोधला नाही, धाग्याची दिशा बदलली फक्त. टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं त्यातला आर म्हणजे हाच रेडियल. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमधे, दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची. आणि एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १२२३ म्हणजे २०२३ चा बारावा आठवडा. नवीन म्हणून जुना टायर गळ्यात मारला जातो, तेव्हा पैसे द्यायच्या आधी ते चार आकडे वाचा.

मग ऊसाच्या ट्रॉलीला अजून नायलॉन का दिसतो, तर ट्रॉली हळू चालते त्यामुळं उष्णतेचा तेवढा त्रास नाही, आणि शेतातली खोडवी, दगड, बांधावरची घासाघीस साइडवॉलला सोसावी लागते, तिथं जाड फुलीवाला साइडवॉल बरा पडतो. वर माल किती भरतात ते आपण सगळे बघतोच. जागा बघून टायर, यात मागासलेपण काही नाही.

ट्यूबलेसबद्दल मामांनीच मला पहिल्यांदा नीट दाखवलं होतं. मागच्या पावसाळ्यात चाकात खिळा दिसला म्हणून मी पक्कड घेऊन उपटायच्या तयारीत, तोवर मामा ओरडले, "थांब थांब, हात लावू नको. तो खिळाच हवा धरून बसलाय न्हवं." साबणाचं पाणी मारलं तर खिळ्याभोवती बारीक फेस, मोहरीएवढे बुडबुडे सावकाश येत होते. ट्यूबच्या टायरात खिळा गेला की ताणलेल्या फुग्याला टाचणी लावल्यासारखं होतं, ट्यूब फाटते आणि हवा भसकन जाते. ट्यूबलेसमधे, हे १९४७ ला अमेरिकेत गुडरिच कंपनीनं आणलं, ट्यूबच टायरला आतून चिकटवलेली असल्यासारखी आहे, ब्यूटाइल जातीच्या रबराचा एक पातळ थर, त्यातून हवा फार कमी झिरपते. तो ताणलेला नसतो, उलट आतल्या हवेनं टायरला दाबून धरलेला असतो, म्हणून खिळ्याभोवती आवळून बसतो आणि हवा तासन्तास जात नाही. मामांनी मग खिळा काढला, कानशीसारख्या सुईनं भोक घासलं, चिकट वात दुमडून आत ढकलली, वरचं शेपूट कापलं, दहा मिनिटात मोकळा. पण ही वात म्हणजे घरी पोचायची सोय, लांबच्या प्रवासाआधी टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीसारखं ठिगळ, मारून घ्यावा असं मामाच म्हणतात, आणि साइडवॉलला भोक असेल तर काही न करता टायर बदलायचा, कारण ती जागा प्रत्येक फेऱ्याला वाकते.

प्रत्येक फेऱ्याला वाकते म्हणजे किती, ते एकदा मोजून बघा. छोट्या कारच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी ९० नं चाललात तर सेकंदाला १३ फेरे. कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर, म्हणजे टायरची प्रत्येक जागा एक लाख वीस हजार वेळा दबते आणि सुटते. एखादी तार हातात घेऊन पुढं मागं वाकवत राहा, गरम लागते, तेच रबरात होतं. हवा बरोबर असेल तर दबणं थोडं, उष्णता थोडी, वाऱ्यावर निघून जाते. हवा कमी असेल तर साइडवॉल जास्त वाकतो, जास्त तापतो, रबर आणि धागे एकमेकांना सोडायला लागतात, आणि एक दिवस एप्रिलच्या दुपारी फुटतो. लोक म्हणतात हवा जास्त झाली म्हणून फुटला, पण बऱ्याचदा उलटं असतं, हवा कमी होती म्हणून तापला आणि तापला म्हणून फुटला. कृपया हे घरात सगळ्यांना सांगा. चालून आलेल्या गरम टायरची हवा मोजली तर जास्तच दाखवणार, २५ डिग्रीला ३३ भरलेली हवा टायर ५५ डिग्रीला गेल्यावर ३७-३८ दाखवते, ते बरोबर आहे, ते धरूनच कंपनीनं ३३ लिहिलंय. तिथं "जास्त झालीय" म्हणून सोडली की गार झाल्यावर कमी भरणार. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची.

पावसात हवेचं अजून एक काम असतं. गगनबावड्याच्या रस्त्याला जुलैत पाणी कसं वाहतं ते माहितीय. चाकासमोरचं पाणी वेळेत बाजूला झालं नाही तर टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि गाडी ऐकत नाही. विमानाच्या टायरवर अभ्यास करून अमेरिकेच्या नासानं १९६० च्या दशकात यासाठी एक सूत्र काढलं, त्यात टायर तरंगायचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या सूत्रात ३३ पीएसआय घातले तर ताशी ९५ च्या आसपास येतं आणि २२ घातले तर ७८ च्या आसपास. कारमधे नक्षी, पाण्याची खोली यानं आकडा पुढं मागं होणार, पण हवा कमी झाली की गाडी आधी तरंगते एवढं नक्की. नक्षीच्या खाचा म्हणजे पाणी जायची गटारं आहेत. त्या खाचांच्या तळाला बारीक उंचवटे असतात, कारमधे १.६ मिलिमीटरचे, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की गटार बुजलं, टायर गोटा व्हायची वाट बघत बसायचं नाही. ओल्या रस्त्यावर पकड आणि मायलेज दोन्ही एकदम सुधारायचं काम १९९० च्या दशकात सिलिकानं केलं, म्हणजे काजळीऐवजी बरीचशी वाळूच्याच जातीची बारीक पावडर, मिशेलिननं तो टायर १९९२ ला आणला.

नायट्रोजन भरावा का असं कुणीतरी विचारतंच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित सावकाश झिरपतो एवढाच फरक, फुकट मिळत असेल तर घ्या. पैसे देऊन नायट्रोजन भरून चार महिने न बघणाऱ्यापेक्षा पंपावर दर पंधरा दिवसांनी साधी हवा बघणारा शहाणा. बिनहवेचे टायरपण येतायत, मिशेलिननं २०१९ ला एक दाखवला, आत लवचिक पाती असलेला. पण दबणं, उचलणं, कमी तापणं, हलकं असणं हे सगळं एकाच वेळी करणारी फुकटची वस्तू हवाच आहे, तिला पर्याय शोधणं सोपं नाही.

आता तीच हवा चाकातून वर आणूया, चाक आणि बॉडीच्या मधे. तिथं ट्रकला, ट्रॅक्टर ट्रॉलीला, जुन्या बसला पाटे असतात, कमानीसारखे एकावर एक बांधलेले पोलादी पाटे. स्वस्त, दणकट, कुठल्यापण गावात दुरुस्त होतात. पण पाट्याची ताकद एकदाच ठरते. भरलेल्या गाडीचा विचार करून ताठ केला तर रिकामी गाडी दगडासारखी आदळते. समजा मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, रिकाम्यात २ टन आणि भरल्यावर ९ टन. पाटा तोच, वजन साडेचारपट. गाडी वरखाली हलायचा वेग पाट्याच्या ताठपणावर आणि वजनावर ठरतो, आणि त्या हिशेबानं रिकामी गाडी भरलेलीपेक्षा दुप्पट वेगानं उड्या मारते. रिकामा ट्रक शिरोलीच्या पुलावरून जाताना फाळके कसे खडखड वाजतात ते याच्यामुळं.

हवेची स्प्रिंग समजून घ्यायला घरातला सायकलचा पंप आणा. नळीचं तोंड अंगठ्यानं बंद करा आणि दांडा दाबा. सुरुवातीला सहज जातो, मग जड, शेवटी जातच नाही, आणि सोडला की परत वर येतो. जागा निम्मी केली की दाब दुप्पट, हे रॉबर्ट बॉइलनं १६६२ मधे सांगितलं होतं. एअर सस्पेन्शनचा बेलो म्हणजे हेच, जाड रबराची पिशवी, आत धाग्यांचे तिरके थर, कडेला बीड, म्हणजे सरळ सरळ टायरचाच भाऊ, आणि बेलो बनवणाऱ्यांत टायर कंपन्यापण का असतात ते यावरून कळेल. काही बेलो मधे आवळलेल्या डमरूसारखे असतात, काहींत रबराची बाही खालच्या पिस्टनवर दुमडत उलगडत जाते, पायातला मोजा उलटा करताना होतो तशी. पिस्टनचा आकार जरा बदलला की स्प्रिंगचा स्वभाव बदलतो. जोर किती, तर २५ सेंटिमीटर व्यासाचा बेलो धरा, क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस सेंटिमीटर, आत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब, एकटा बेलो जवळपास अडीच टन उचलतो.

पण खरी गंमत बेलोत नाही, त्याच्या शेजारच्या हाताएवढ्या व्हॉल्वमधे आहे. चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एक व्हॉल्व बसवलेला असतो आणि त्याची एक काडी खाली ॲक्सलला जोडलेली. माणसं बसली, बॉडी खाली आली, काडी वर ढकलली गेली, व्हॉल्व उघडला, टाकीतली हवा बेलोत गेली, बॉडी परत मूळ उंचीला आली, काडी आडवी झाली, व्हॉल्व बंद. माणसं उतरली की उलटं, जादा हवा फिस्स करून बाहेर. स्टँडवर गाडी रिकामी होताना तो आवाज ऐकला असेल. प्रत्येक खड्ड्याला हवा आत बाहेर करत बसू नये म्हणून व्हॉल्व मुद्दाम जरा उशिरा हालतो. आणि वजन वाढलं की दाब वाढतो, दाब वाढला की ताठपणापण त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळं गाडी भरलेली असो नाहीतर रिकामी, तिची डुलायची लय जवळपास तीच राहते, माणसाच्या चालण्याएवढी, सेकंदाला एकदा दीडदा. पोलादाला हे जमत नाही. तासगावची द्राक्षं अशा गाडीतून न्यायला मिळाली तर किती घड वाचतील असं मला दरवर्षी वाटतं.

बेलोला दोन गोष्टी जमत नाहीत. तो ॲक्सलला जागेवर धरू शकत नाही, पाटा ते काम आपोआप करायचा, म्हणून वेगळे दांडे लागतात, आमच्याकडं कास्टिंग येतात ती त्याच दांड्यांच्या ब्रॅकेटची. आणि डुलणं थांबवायला शॉक ॲब्झॉर्बर लागतोच. शिवाय गळती. १९५७ ला अमेरिकेत कॅडिलॅकनं एका महागड्या कारला एअर सस्पेन्शन दिलं तर गळतीला कंटाळून कित्येक मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. बसला मात्र ते लागू पडलं, कारण बसमधे ब्रेकसाठी हवेचा कॉम्प्रेसर आधीच असतो. आपल्याकडं २००१ च्या सुमारास व्होल्वोच्या बस आल्या तेव्हा बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की बसमधे पाण्याची बाटली न सांडता पिता येते. वंदे भारतच्या डब्याखाली पण हवेच्या स्प्रिंगा आहेत. आणि हायवेवर रिकाम्या मोठ्या ट्रकचं एक चाक वर उचललेलं, न फिरता लटकलेलं दिसतं ना, ती लिफ्ट ॲक्सल, तिला वर धरणारापण हवेचा बेलोच. माल नसताना टायर कशाला झिजवायचे, डिझेल कशाला जाळायचं. टायरची हवासुद्धा चालता चालता कमी जास्त करता येते, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या डक नावाच्या पाण्यातून जमिनीवर येणाऱ्या गाडीत ड्रायव्हर आपल्या जागेवरून टायरची हवा कमी करून वाळूत शिरायचा.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एका खाजगी बसनं येत होतो. कराडच्या पुढं पहाटे बस मागून डावीकडं कलली, काहीजण घाबरून उठले. ड्रायव्हरकाकांनी बाजूला घेतली, मी मोबाईलची बॅटरी धरून त्यांच्याबरोबर खाली वाकलो. डावा बेलो जिथं दुमडतो त्या घडीत चिखल वाळून सिमेंटसारखा झाला होता आणि त्यानंच रबर घासून घासून धागे उघडे पडले होते, तिथून फाटला. बोटभर लांब फट. मी विचारलं, "काका, आता?" तर म्हणाले, "आत रबराचा ठोकळा असतोय, त्याच्यावर बसलीय गाडी. जाईल हळू." आणि खरंच, ४० च्या वर न जाता, प्रत्येक खड्ड्याला डावीकडं धाडकन आदळत, आम्ही उजाडता उजाडता शिरोलीला आलो. हवेनं इतके तास काय काम केलं होतं ते त्या एका बाजूच्या दणक्यांवरून सगळ्या प्रवाशांना कळलं असेल.

गॅरेज कंपनीच्या वाटेवरच होतं म्हणून मी थांबलो. मिस्त्रींनी जॅक लावला, जुना बेलो काढला, पिस्टनवरचा चिखल ब्रशनं घासून पाण्यानं धुतला, नवीन बेलो बसवला, नळी जोडली. मग शेजारच्या उजव्या बेलोची घडीपण न सांगता धुतली. इंजिन चालू केलं, मीटरवर टाकीचा दाब चढायला लागला, आधी ब्रेकच्या टाक्या भरल्या, कारण हवा पहिली ब्रेकला जाते, आणि मग ती सस्पेन्शनकडं आली. मी व्हॉल्वच्या काडीकडं बघत बसलो होतो. काडी वर तिरकी होती. बस डावीकडून सावकाश, कुणीतरी खांदा लावून उचलावी तशी, वर यायला लागली, बोटभर, चार बोटं, वीतभर. काडी आडवी झाली. फिस्स.